गारडोहात यंदा थंडी नाही

सूर्यभान गारडोहातून सुखरूप परत आला.

हातपाय धड होते, पागोटं डोक्यावर होतं आणि भूकही लागली होती.

आता हे विसरा. तो परत आला, हे तुम्ही ऐकलंच नाही. आमच्या घरातही ते कुणी धरत नाही. सूर्यभान अजून यायचा आहे, असं समजूनच पुढचं ऐका.

गोष्ट खरी आहे. शके सतराशे शहाऐंशीचा कार्तिक, हिवरखेडच्या उत्तरेचा डोंगर आणि वेळ भर दुपारची. असल्या गोष्टींनी रात्रीची वेळ धरावी असा रिवाज आहे, हे आम्हांलाही ठाऊक आहे. पण जे दुपारी घडलं ते रात्री घडलं म्हणून कसं सांगायचं? सूर्यभानची बायको वच्छला जन्मभर जे सांगत राहिली, तेच इथं आहे.

त्या सालात वऱ्हाडाला कापसाचं वेड लागलं होतं. सातासमुद्रापार कुठंतरी गोऱ्यांच्या दोन फौजा भांडत होत्या आणि त्यापायी इकडे हिवरखेडात लोक अंगणातली मेथी उपटून सरकी लावत होते. मारुतीच्या पाराभोवती कापूस होता. एका गृहस्थानं उशी फाडून आतला कापूस अकोल्याला नेऊन विकला आणि डोक्याखाली वीट घेऊन तो सुखानं झोपू लागला. त्याची मान आखडली, तेव्हा लोक कौतुकानं बघायला गेले.

सूर्यभानची काळी जमीन गावाशेजारी होतीच. पण त्या वर्षी आहे तेवढ्या जमिनीत कुणाचं भागत नव्हतं. म्हणून तो डोंगर चढून गेला आणि त्यानं गारडोहात सरकी पेरली.

गारडोह म्हणजे पाण्याचा डोह नव्हे. डोंगरमाथ्यावरचं एक खोलगट खोरं, परातीसारखं. चारी बाजूंनी काठ, मध्ये सपाट माती. कार्तिक लागला की आसपासची सगळी थंडी उतारावरून घरंगळत येऊन त्या परातीत साचायची. काठावर नुसता गारवा असायचा. खाली मात्र पहाटे दव गोठायचं आणि उभं पीक एका रात्रीत काळं पडायचं.

म्हणून तिथं थंडीचा बोल सांगायची पद्धत होती.

हा मान सूर्यभानच्या चुलत्यांचा, भगवंतरावांचा. खोऱ्याच्या मधोमध एक काळा दगड होता. त्याच्या पायाशी मातीच्या परळात पाणी ठेवायचं, मातीवर तळहात टेकवायचा, गुरांच्या तोंडची वाफ बघायची आणि मग दगडावर उभं राहून मोठ्यानं सांगायचं, थंडी कधी येणार ते. गुराखी त्या बोलावर गुरं खाली नेत, कुटकीचं धान्य पेरणारे त्याच्यावर कापणी धरत.

आणि एक अट होती. ज्यानं बोल सांगितला, त्यानं तो खरा होईस्तोवर परातीबाहेर पाऊल टाकायचं नाही. थंडी येईल म्हणालास, तर बैस तिथंच आणि घे अंगावर.

या अटीमुळे भगवंतरावांची भाकितं फार लांबची नसत.

त्या दुपारी त्यांनी मातीवर हात टेकला आणि लगेच उचलला. परवा पहाटे दव गोठणार, उद्या सांजेच्या आत सगळ्यांना काठावर न्या, असं ते शांतपणे म्हणाले. ते अजून खालीच उभे होते. दगडावर चढायचं बाकी होतं.

हे ऐकताच वेचणाऱ्या बायांनी कमरेच्या ओट्या सोडायला घेतल्या. त्यांची पुढारी होती मैनाबाई. अर्धा कापूस अजून बोंडात होता. सूर्यभाननं आधी विनवलं, मग दरडावलं, मग जास्त मजुरी कबूल केली.

"भाऊ, कापूस तुमचा हाय," मैनाबाई म्हणाली, "पन बोटं आमची हायेत. बोल झाल्यावर आमी थांबत नसतो."

"बोल कुठी झाला अजून?" सूर्यभान म्हणाला.

आणि तो स्वतःच दगडावर चढला.

वच्छला तेव्हा कापसाच्या ढिगाशी उभी होती. ती नेहमी सांगायची, त्यांना थट्टा करायची सवय होती, मला वाटलं थट्टाच करतात. पागोटं सारखं करून, भगवंतरावांचाच आवाज काढून तो ओरडला :

"हा कापूस येचून होईस्तोवर गारडोहात थंडी येत नाई!"

बाया हसल्या. दोघी-तिघींनी ओट्या परत बांधल्या.

भगवंतराव हसले नाहीत. त्यांनी आपल्या खांद्यावरची घोंगडी काढली आणि पुतण्याच्या खांद्यावर टाकली.

"राहू दे. तुले लागन," ते म्हणाले.

मग थोडं थांबले. काहीतरी मनाशी जुळवलं. घोंगडी परत काढून घेतली.

"नाई. तुले नाई लागनार."

आणि ते काठाच्या वाटेला लागले. त्यांनी मागं वळून पाहिलं नाही.

परवाची पहाट आली.

थंडी आली नाही.

काठापलीकडे सगळा डोंगर गारठला. खाली हिवरखेडात लोकांनी शेकोट्या केल्या. गारडोहात मात्र उबदार धुकं भरून राहिलं. सूर्य जाड पासोडीआड ठेवल्यासारखा दिसे. सूर्यभान खुशीनं नुसता नाचायचा बाकी होता. काकांचा मान यंदापासून माझ्याकडे द्या, असं तो ज्याला-त्याला सांगत सुटला. गाड्या भरून अकोल्याच्या वाटेला लागल्या.

वेचून झालेल्या ओळी पुन्हा पांढऱ्या दिसल्या, तेव्हाही तो खूशच होता.

दुसरा वेचा लवकर आला, म्हणाला.

मग तिसरा आला. मग तो मोजायचा राहिला.

पहिल्यांदा वच्छलाच्या ध्यानात आलं ते भलतंच होतं. पहाटे बैल जुंपताना त्यांच्या तोंडाकडे तिनं पाहिलं आणि...

वाफ नव्हती.

तिनं स्वतःच्या हातावर फुंकर मारून पाहिली. तिच्याही तोंडची वाफ नव्हती. दगडापाशी जाऊन तिनं परळात बोट बुडवलं. पाणी कोमट होतं. आजारी माणसाच्या कपाळासारखं.

मग तिला कळलं, की खोऱ्यात पाखरं नाहीत. रातकिडे नाहीत. वारा नाही. एकच आवाज होता, फार बारीक, चहूकडून...

टिक्.

टिक्.

बोंड उकलायचा आवाज. कापूस करणाऱ्याला तो कधी ऐकू येत नाही. तो ऐकू यायला बाकी सगळं फारच गप्प असावं लागतं.

मैनाबाईनं वेगळंच ऐकलं. ती ओळीत वाकून वेचत होती आणि पलीकडच्या ओळीत कुणी तरी वेचत होतं. बोंडातून कापूस ओढल्याची फरफर, सुकल्या पानांची चुरचुर. शेजारीण समजून ती बराच वेळ तिच्याशी बोलत राहिली. सुनेची गाऱ्हाणी सगळी सांगून झाली. मग तिनं मान वर केली, तर सगळ्या बाया एकीकडे, झाडाखाली भाकर खात बसलेल्या.

आणि पलीकडच्या ओळीत वेचायचा आवाज चालूच...

मैनाबाईनं ओटी सोडून दगडावर ठेवली. मजुरी घ्यायलाही ती थांबली नाही. ज्या बाईनं आयुष्यात एक कवडी सोडली नव्हती, ती मजुरी सोडून गेली, यावरून वच्छलाला काय ते समजलं. तासाभरात खोरं रिकामं झालं. बाया सरळ चढून काठापलीकडे गेल्या. त्यांना कुणी अडवलं नाही. बोल त्यांनी सांगितला नव्हता.

वच्छलानं नवऱ्याचा हात धरला.

"चाला घरी. असू द्या कापूस."

एरवी तो चिडला असता. या खेपेला चिडला नाही. त्यालाही तो बारीक आवाज ऐकू यायला लागला होता.

दोघं निघाली. वाट पायाखालची होती, चढ ओळखीचा होता. धुकं दाट होतं म्हणून तिनं त्याचा हात घट्ट धरून ठेवला. बोटांत बोटं गुंतवली. बोलत गेली, तो हूं हूं म्हणत राहिला. काठ आला. गार वारा तोंडावर आला. तिच्या तोंडून वाफ निघाली आणि तिला रडूच कोसळलं. ती वळली.

हातात...

कापसाचं बोंड होतं. नुकतं उकललेलं. कोमट.

"वच्छले," खालून हाक आली. तो दगडापाशी उभा होता. "तू काहून हात सोडला व?"

ती पुन्हा उतरली. पुन्हा धरून आणलं. पदराची गाठ त्याच्या मनगटाला बांधली. काठावर आली तेव्हा गाठीत बोंड होतं. तिसऱ्या खेपेला तिनं त्याला पुढं चालवलं आणि स्वतः पाठीमागून ढकलत गेली. एका पावलाला पाठ हाताखाली होती, दुसऱ्या पावलाला ती काठावर पालथी पडली.

शेवटी सूर्यभान दगडावर बसला. विचार करून म्हणाला, की यात तसं अवघड काही नाही. बोल काय आहे? कापूस वेचून होईस्तोवर. मग वेचून टाकू. झालं.

तिला ते पटलं. दुसरं पटण्याजोगं काही नव्हतं.

दोघांनी सुरुवात केली. तो एका ओळीत, ती दुसऱ्या ओळीत. टरफलांची टोकं बोटांत घुसत होती, रक्त कापसाला लागत होतं, कुणी पुसत बसलं नाही. ओळींमागून ओळी काळ्या झाल्या. कडेची शेवटची ओळ राहिली. सूर्यभान हसायला लागला. अर्धी ओळ झाली. मग चार झाडं राहिली. मग एक.

आणि पाठीमागे...

टिक्. टिक्. टिक्. टिक्.

दोघांपैकी कुणीच वळून पाहिलं नाही. बराच वेळ ती तशीच शेवटच्या झाडाशी उभी होती, एकमेकांकडे बघत.

त्यानं विळा घेऊन झाडं कापली. कापलेली झाडं आडवी पडून उकलत राहिली. त्यानं पाला रचून पेटवायचं पाहिलं. ठिणगी पडायची आणि ओल्या धुक्यात विझायची. त्यानं शेळ्या आणायला सांगितलं. वच्छलानं गावातून शेळ्या आणून सोडल्या. त्या दिवसभर खात राहिल्या आणि सांजेला पोट फुटेल अशा होऊन काठाकडे पळाल्या. त्या शेळ्यांनी नंतर जन्मात पांढऱ्या वस्तूला तोंड लावलं नाही. गावात धोतरं वाळत घालायची सोय झाली.

तो दरवेळी म्हणायचा, "झालंच. एक ओळ राह्यली."

वच्छला घरी ठेवलेल्या पोराला बघायला आणि भाकरी न्यायला खाली गावात यायची आणि परत वर जायची. एकदा ती काठावर पोचली तेव्हा धुक्यात तिला पाठी दिसल्या. ओळीत वाकलेल्या, वेचणाऱ्या. बाया परत आल्या असं वाटून तिचा जीव भांड्यात पडला. मग तिनं नीट पाहिलं...

सगळ्यांच्या डोक्यावर पागोटी होती.

एकाच तऱ्हेनं बांधलेली. डावीकडे किंचित कललेली, तशी फक्त एकच माणूस बांधायचा.

ती त्या दिवशी खाली उतरली नाही. काठावर बसून राहिली. तिला हाक मारायची होती. पण हाकेला किती जण वळतील, हे कळत नव्हतं.

तेवढ्यात धुक्यातून एक जण चढ चढत आला. काठावर आला. काठ ओलांडला.

सूर्यभान होता. ओटीत मूठभर कापूस होता.

"झालं," तो म्हणाला. "भूक लागली."

तिनं काही विचारलं नाही. कुणीच विचारलं नसतं. भाकरी तिथंच सोडून दिली आणि दोघं घरी आली. दारात तिनं त्याच्यावरून मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. शेजारपाजारचे येऊन बघून गेले. भगवंतरावही आले, त्याच्याकडे बघत बसले आणि इकडच्या-तिकडच्या दोन गोष्टी बोलून उठून गेले. घोंगडी मात्र विसरल्यासारखी तिथंच ठेवून गेले.

सूर्यभान त्या घोंगडीला शिवला नाही.

पौष लागला. त्या वर्षी हिवरखेडात हाडं कडकडावीत अशी थंडी पडली. सकाळी ओट्यावर बसलेल्या सगळ्यांच्या तोंडून वाफा निघत. सूर्यभान मधोमध बसून पिकापाण्याचं बोलायचा, चांगलं समजूतदारपणे बोलायचा...

आणि त्याच्या तोंडासमोरची हवा स्वच्छ असायची.

वच्छलानं त्याचे हात पाहिले. तिची स्वतःची बोटं अजून चिरलेली होती. त्याची बोटं लोण्यासारखी होती. एकही ओरखडा नाही.

जेवायला बसला की तो मन लावून जेवायचा. बराच वेळ जेवायचा. उठायचा तेव्हा भाकर वाढली होती तेवढीच असायची. घरात त्या वर्षी ज्वारी फार कमी लागली.

कामाला कुठल्याही नाही म्हणायचा नाही, पण कुठलंच काम त्याच्या हातून संपायचं नाही. दोर वळायला घेतला की एक वेढा राहायचा. विहिरीवर गेला की एक घागर राहायची. विचारलं की म्हणायचा, "झालंच."

एक दिवस उन्हं वर आल्यावर वच्छला भगवंतरावांना घेऊन डोंगर चढली. मैनाबाई अर्ध्या वाटेपर्यंत आली आणि मला इथूनही चांगलं ऐकू येतं म्हणून बसून राहिली. काठावर दोघं उभी राहिली. पाठीशी झोंबरा वारा होता. खाली धुकं होतं. काही वेळ काही नव्हतं. मग...

टिक्.

आणि त्याच्या मागोमाग, दमलेला, घसा बसलेला, पण अगदी ओळखीचा आवाज.

"वच्छले, आली काय व? बोटं लय दुखून राहिली. झालंच पाय. एक ओळ राह्यली."

 वच्छलानं भगवंतरावांच्या पायाला हात लावला.

"मामंजी, मंग घरी जेवून राहिला थो कोन?"

भगवंतरावांनी परातीकडे बोट दाखवलं.

"बोल खरा झाला नाई," ते म्हणाले. "बोलनारा बाहेर येईन कसा?"

"तुमीच सांगा ना, कोनता खरा?"

"मले काहून इचारतं व बाई. मी थंडीचं सांगतो. मानसाइचं नाई."

मग तिनं तिच्यापरीनं व्यवस्था लावली. घरातल्याला दोन वेळ वाढायचं, कारण शेजारी बघतात. काठावर जाऊन दोरानं शिदोरी सोडायची, कारण ती रिकामी होऊन वर येते. दोघांपैकी एकाची भाकर संपते, तो आपला, असं तिनं मनाशी धरलं. कुंकू ती त्याच्या नावानं लावायची. घरातला समोर असला की डोक्यावरचा पदर पुढं ओढून घ्यायची, परक्या पुरुषासमोर ओढतात तसा. तो कधी हरकत घ्यायचा नाही.

एकदाच त्यानं स्वतःहून विचारलं. ती शिदोरी बांधत होती. तो दाराच्या चौकटीला टेकून उभा होता.

"थो अजून येचून राहिला काय?"

तिनं मान हलवली.

"त्याले सांगजो," तो म्हणाला, "घाई नको करू म्हना."

पुढच्या उन्हाळ्यात ती सातासमुद्रापारची लढाई संपल्याची वार्ता अकोल्यात आली. कापसाचे भाव असे पडले, की तिथल्या मोर्णा नदीच्या काठावर भरलेल्या गाड्या उभ्या राहिल्या आणि बैल तेवढे सोडून लोक घरी गेले. मारुतीच्या पाराभोवतीचा कापूस उपटून तिथं पुन्हा मेथी लागली. वीटवाल्यानं उशी विकत आणली.

गारडोहाला हे कुणी कळवलं नाही. तिथं बोंडं उकलत राहिली.

भगवंतराव गेले. मग मैनाबाई. वच्छलाही पुढे म्हातारी होऊन गेली, आणि शिदोरी सुनेकडे आली, मग तिच्या सुनेकडे. घरातला कधी गेला, याबद्दल आमच्याकडे कुणी नीट सांगत नाही. विचारलं की म्हणतात, "जाईनच." मागच्या खोलीकडे आम्ही पोरं जात नाही. कार्तिकात गावात सगळ्यांच्या तोंडून वाफ निघायला लागली, की घरातले एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहतात. 

वच्छलाबाई मात्र हातपाय गाळून बसलेली बाई नव्हती. कापसासाठी सरकारचं नवं कचेरीघर अकोल्याला उघडलं, तेव्हा असल्या गोष्टींचा निकाल लावणारा कुणी तरी साहेब तिथं आहे, असं तिनं ऐकलं. ती त्या कचेरीत गेली आणि दरवर्षी कार्तिकात जात राहिली. कारकून बदलत गेले. ती उभ्यानं सांगायची, तो लिहायचा. शब्द तिला पाठ होते, आता आम्हांलाही आहेत :

मेहेरबान साहेब यांचे हुजुरास, मौजे हिवरखेड येथील वच्छला, नवरा सूर्यभान, हिचा विनंतीअर्ज ऐसा जे : डोंगरातील गारडोह नामे खोऱ्यात थंडी पडण्याचे बंद जाहले आहे. तरी सरकारने कृपावंत होऊन, चालू कार्तिकमासी सदर ठिकाणी एक पहाट दव गोठण्याइतकी थंडी मंजूर करावी. थंडी सरकारी खजिन्यातून देणे नसल्यास, शेजारच्या डोंगरावर जास्त पडते ती इकडे वर्ग करावी. तपासणीस येणाऱ्या अंमलदाराने काठावरूनच पाहावे, दगडावर उभे राहून काही बोलू नये. आणि यांपैकी काहीच होण्यासारखे नसल्यास, दोघांपैकी अर्जदार बाईचा नवरा कोणता, याचा निकाल करून लेखी कळवावे, आणि दुसऱ्यास ताब्यात घेऊन पोच द्यावी.